पाळणी केळीच्या तीन कुप्या

तिसऱ्या खेपेचंही मेलं. काचेच्या बशीत तीळभर आकाराचे सत्तावीस कोंब होते, आणि सत्तावीसच्या सत्तावीस चहाच्या चोथ्यासारखे काळे पडले होते. हिलाल बशीवर वाकून बघत राहिला. बघून बघून मेलेलं काही जितं होत नाही हे त्याला कळत होतं. पण मान वर केली की कुंदा मॅडमचं तोंड बघावं लागणार, म्हणून तो खालीच बघत होता.

“राहू द्या, हिलालभाऊ,” मॅडम म्हणाल्या. “माझंच काहीतरी चुकतंय.”

हिलालने मान न उचलता बशीवर झाकण ठेवलं.

जळगावातल्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत हिलाल शिपाई होता. कागदावर ‘प्रयोगशाळा परिचर’ लिहीत, पण हाक मारताना कोणी परिचर म्हणत नाही, शिपाईच म्हणतात. सातवी पास, वय अठ्ठेचाळीस. बावीस वर्षं काचसामान धुऊन धुऊन हाताची कातडी पांढरी पडलेली. पण हात असा स्थिर, की सुईच्या टोकावर मोहरी ठेवून चालत जाईल. कुंदा मॅडम तिशीच्या आतल्या, फैजपूरकडच्या, नोकरीत नव्या. त्यांनी पहिल्याच महिन्यात त्याचा हात हेरला आणि चिमटा त्याच्या हाती दिला. विभागप्रमुख तोताराम सरांना ते खटकलं. सरांचं विज्ञान म्हणजे फळ्यावर केळीचा उभा छेद काढायचा आणि घरी जाऊन तीच केळी शिकरणीत खायची. “शिपायाच्या हाती चिमटा देऊन विज्ञान होत नसतं, मॅडम,” असं ते हिलालसमोरच म्हणाले होते. हिलालने तो चिमटा आणखी घट्ट धरला.

त्या बशीतले कोंब पाळणी केळीचे होते. पाळणी आता कुणाला माहीत नाही. तापीकाठच्या चार-दोन गावांत असायची. उंच, सडपातळ, वाऱ्याला पडणारी, घड लहान. बाजारात तिला कुत्रं विचारत नसे. पण तिची कच्ची फळं चकत्या करून वाळवायची, जात्यावर दळायची, आणि ज्या तान्ह्या पोराच्या पोटात दूध ठरत नाही त्याला त्या पिठाची पेज पाजायची. म्हणून ती पाळणी. हिलालची आई त्याला जन्म देऊन आठव्या दिवशी गेली. थोरली बहीण तानुबाई तेव्हा चौदा वर्षांची होती. तिने त्याला याच पिठावर जगवला. हे सगळं हिलाल कुणाला सांगत नसे. सांगितलं की लोक डोळे ओले करतात, आणि त्याला ओल्या डोळ्यांचा राग होता.

ठेंगण्या, भरघोस घडाच्या केळी आल्या आणि लोकांनी पाळणी उपटून फेकली. चोपड्याकडच्या आपल्या मळ्यात विहिरीच्या थारोळ्यापाशी तानुबाईने तेवढी सहा खोडं राखली होती. पंच्याण्णव साली त्यांना मर लागली. पानं पिवळी, खोड कापलं की आत तपकिरी कडी. मातीतच रोग. दुसरीकडे लावली तरी कंदाबरोबर रोग जातो. तेव्हा मॅडमनी सांगितलं, केळीच्या पोंग्याच्या अगदी बुडाशी तिळाएवढा भाग असतो. त्यातल्या पेशी अजून काहीच झालेल्या नसतात. पान व्हायचं, खोड व्हायचं की मूळ, हे त्यांचं ठरायचं असतं. त्या मूळपेशी. तेवढा भाग काढून बाटलीत वाढवला की त्याचे फुलकोबीसारखे गड्डे होतात, एकाचे शंभर. आणि शंभर झाले की त्यातले काही द्रवरूप नायट्रोजनमध्ये, शून्याखाली एकशे शहाण्णव अंशांवर ठेवायचे. तिथे ते मरत नाहीत, वाढतही नाहीत. वीस वर्षांनी काढा, जणू काल ठेवले.

“पण ठेवायचे कशाला? बाटलीत वाढतायत ना?” हिलालने तेव्हा विचारलं होतं.

“बाटल्यांना एसी लागतो. एसीला लाइट लागते. जळगावात लाइट किती असते, हिलालभाऊ?”



हिलाल दोन निरोगी दिसणारे मुनवे, म्हणजे बुडातून फुटलेली पिल्लं, आणायला बहिणीकडे गेला, तेव्हा तानुबाई खुरपं घेऊनच आडवी आली.

“बर्फमा केळ कोन ठेवस रे? कॉलेजमा राही-राहीसन तुन्हं डोकं फिरनं!”

“अक्का, इथं मरतेच आहे ती. तिथं जगेल तरी.”

तानुबाई त्या खोडांपाशी गेली. मग तिने स्वतःच खणलं, कंदाची माती झटकली, गोणपाटात बांधून दिलं. “ली जा. पण जिती परत आनजो. मरेल आनशी ते मन्हा दारमा पाय ठेवजो नको.”

विहिरीजवळची खोडं त्या पावसाळ्यातच संपली. कोंब बाटलीत छान वाढले. मॅडमच्या पुण्याच्या मैत्रिणीने परदेशी लेखाची झेरॉक्स पाठवली होती. ती वाचून मॅडमनी तीन खेपा गोठवल्या. गोठवण्याआधी कोंबांना जास्त साखरेवर ठेवायचं, म्हणजे त्यांच्यातलं पाणी कमी होतं आणि बर्फ कमी होतो. पहिल्या खेपेला साखर चौदा दिवस, दुसरीला एकवीस, तिसरीला अठ्ठावीस. प्रत्येक खेपेच्या चार कुप्या, कुपीत नऊ कोंब. प्रत्येक खेपेतल्या तीन-तीन कुप्या काढून बघितल्या. पहिलीही मेली, दुसरीही मेली. मधेच, सत्त्याण्णवच्या एप्रिलात, कॉलेजचा ट्रान्सफॉर्मर जळाला. सहा दिवस लाइट नाही. बाहेर पंचेचाळीस. बाटल्यांतले सगळे गड्डे शिजले आणि बुरशीने भरले.

आता मे महिन्यात तिसरी खेपही मेली. सगळ्या जगात पाळणी केळ उरली होती ती नायट्रोजनच्या कंटेनरात, तीन कुप्यांत. सत्तावीस तीळ.

आणि कंटेनर धुळ्याहून उसना आणलेला होता.

“धुळ्याचं पत्र आलंय,” तोताराम सर दारातूनच म्हणाले. “एकतीस तारखेला कंटेनर परत पाहिजे त्यांना. जनावरांची कामं अडलीत म्हणे. बरोबरच आहे. गाई गाभण करायच्या सोडून तुम्ही केळी थंड करत बसलात.”

मॅडम म्हणाल्या, “सर, बाटल्यांत घालायची अगर पावडर संपलीय. थोडी मागवली तर…”

“यंदाचं बजेट संपलं.” सर गेले.

मॅडमनी कपाट उघडलं. कोंब ठेवायला तयार बाटल्या नऊच होत्या. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि हिलालला म्हणाल्या, “उद्या धुळ्याला जाऊन शेवटचं नायट्रोजन भरून आणा. सोमवारी अठ्ठावीस दिवसांची कुपी काढू. तेवढी एकच. चौदा आणि एकवीसवाल्या दोन फेकून द्या.”

“फेकून?”

“त्या खेपा मेलेल्याच आहेत. तीन-तीन कुप्या बघितल्यात आपण. नऊ बाटल्या त्यांच्यावर कशाला घालवू? सोमवारी हीही मेली की पुण्याला लिहून टाकते, ही जात थंडी सोसत नाही. संपलं.”

आता हिलालची एक गोष्ट सांगायला हवी. तो ती कुणाला सांगत नव्हता, आणि त्याला स्वतःला ती चूक वाटतही नव्हती. उलट त्याला तिचा अभिमान होता.

कुप्या बाहेर काढायचं काम त्याचं होतं. तिन्ही वेळा मॅडम परीक्षेच्या सुपरव्हिजनला अडकल्या होत्या. त्यांनी सांगितलेलं स्पष्ट होतं: कुपी काढली की लगेच चाळीस अंशांच्या कोमट पाण्यात, दीड मिनिट, हलवत राहायचं, की झालं. पण हिलालच्या मनाला ते पटेना. एवढ्या भयंकर थंडीतून जीव बाहेर आला आणि त्याला धाडकन कोमट पाण्यात बुडवायचं? खानदेशात उन्हातून आलेल्या माणसाला कुणी लगेच पाणी देत नाही. आधी सावलीत बस, घाम जिरू दे, गुळाचा खडा खा, मग पाणी. एकदम दिलं की माणूस आडवा होतो. त्याने डोळ्यांनी बघितलेलं होतं. मग हे तर तिळाएवढे तान्हे जीव. म्हणून तो कुपी ओल्या फडक्यात गुंडाळून आधी माठाच्या अंगाला लावून ठेवायचा. दहा-बारा मिनिटं. कुपीतला पांढरा गोळा हळूहळू पाघळायचा. मग कोमट पाणी. बाईमाणूस बाळाला न्हाऊ घालते तसं. झेरॉक्सवाल्या गोऱ्यांना ही माया कुठून असणार, असं त्याला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी तो कंटेनर घेऊन धुळ्याच्या एसटीत चढला. तीन कुप्या आतच होत्या. झाकण सैल असतं, नाहीतर आतला वायू कोंडून स्फोट होतो. त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला झाकणाखालून पांढरा धूर निघायचा.

“ओ भाऊ! सिलिंडर चालत नाही,” कंडक्टर म्हणाला.

“सिलिंडर नाही. थंडी आहे.”

“मग ती धूर काय सोडतेय?”

“तुमच्या गाडीपेक्षा कमीच सोडतेय.”

पुढच्या बाकावरची माणसं हसली. कंडक्टरने सामानाचं तिकीट फाडून सूड घेतला. शेजारच्या म्हातारीने एरंडोलपर्यंत पाय वर घेऊन बसून काढलं आणि उतरताना कंटेनरला नमस्कार केला.

धुळ्याला गावाबाहेर जनावरांचं कृत्रिम रेतन केंद्र होतं. तिथला भटू हिलालच्या ओळखीचा. जाडजूड, तोंडाळ, दिवसाला वीस गाई हाताळणारा. त्याच्याकडे सगळं वळूंचं वीर्य, बारीक नळ्यांत गोठवलेलं, मोठ्या टाकीत. हिलाल पोचला तेव्हा एक शेतकरी खोड्यात गाय बांधून उभा होता, आणि भटूचा नवा मदतनीस नळी टाकीतून काढून हवेत धरून बघत होता, त्यावरचं वळूचं नाव वाचत.

“आरे हट! लगीनपत्रिका वाचस का?” भटू ओरडला. त्याने ती नळी हिसकून कोपऱ्यात फेकली. चिमट्याने दुसरी काढली; टाकीतून निघाली ती थेट कोमट पाण्याच्या थर्मासमध्ये. डोळा लवायच्या आत. तोंडाने आकडे मोजले, तीस झाले, काढली, पुसली, गाईकडे गेला.

हिलाल त्या कोपऱ्यातल्या नळीकडे बघत होता. भटू हात धुऊन आल्यावर त्याने विचारलं, “ती का फेकली? चांगली तर होती.”

“होती. आता नाही. दोन मिनिटं हवेत राहिली. गेली कामातून.”

“पण हळूहळू ऊब लागली तर बरंच ना? एकदम कोमट पाण्यात म्हणजे दणका बसतो जिवाला.”

भटू हसला. “तू बी तसाच का? मी बी पहिल्या वर्षी तेच करायचो. पाहुण्यासारखा बसवायचो एकेका नळीला. चाळीस गाई रिकाम्या गेल्या, तेव्हा साहेबाने माझी आई-बहीण काढली.” तो स्टुलावर बसला. “कुल्फी खातोस ना? चांगली जमलेली कुल्फी लोण्यासारखी लागते. तीच अर्धी पाघळू दे आणि परत गार कर. मग कशी लागते?”

“कचकच.”

“खडे होतात बर्फाचे. बारीक बर्फ पाघळता पाघळता एकमेकाला चिकटतो आणि मोठा होतो, सुईसारखा. आतल्या आत भोसकतो. गोठवताना नाही मेलं, ते हळू वितळताना मरतं. म्हणून त्याला वेळच द्यायचा नाही. हळू करं की मरनं, पटकन करं की जगनं. बस.”

हिलालने खोड्याचा लाकडी दांडा घट्ट धरला.

“काय रे? चक्कर आली का? ऊन लागलं तुला. थांब, पाणी देतो… आधी बस जरा.”

“नको,” हिलाल म्हणाला. “बसवू नको मला.”

परतीच्या गाडीत कंटेनर त्याने दोन्ही पायांत घट्ट धरला होता. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, त्याला काही दिसलं नाही. ऐंशीच्या वर कोंब. मॅडमची साखर चुकली नव्हती, झेरॉक्स चुकली नव्हती, पाळणी नाजूक नव्हती. त्याने मारले. मायेने मारले. हे जास्त वाईट होतं; रागाने मारलं असतं तर निदान हात थरथरला असता.

मग डोकं नेहमीसारखं पळवाट शोधायला लागलं. डोक्याचा धंदाच तो. सोमवारी अठ्ठावीस दिवसांची कुपी आपणच काढायची आहे. या वेळी पटकन कोमट पाण्यात घालायची. जगली तर मॅडमना वाटेल, साखरेचे दिवस वाढवले म्हणून जगली. त्या खूश, तानुबाई खूश, नोकरी शाबूत. कुणाला कळणार? माठ काही बोलत नाही.

पण मग त्या दोन कुप्या? चौदा दिवसांची आणि एकवीस दिवसांची? त्या मेलेल्या नव्हत्या. त्या मेल्या असं फक्त हिलालमुळे ठरलं होतं. गप्प बसलं तर त्या गटारात जाणार. आणि अठ्ठावीसवाली नाही जगली तर? आणि जगली, तरी मॅडम उलटंच लिहून पाठवणार, आणि कुठलातरी दुसरा वेडा ते वाचून दुसरी कुठली केळ मारणार. आयुष्यभर तोताराम सरांसारख्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या, की हे लोक चूक झाकतात आणि वर मान करून चालतात. आता स्वतःची पाळी आली तर आपण काय करायचं?

जळगाव स्टँडवर तो उतरला तेव्हा त्याचं ठरलं होतं. ठरलं म्हणजे भीती गेली असं नाही. भीती होतीच.

सोमवारी सकाळी मॅडम ॲप्रन घालत होत्या. हिलालने सगळं उभ्या उभ्या सांगून टाकलं. फडकं, माठ, दहा-बारा मिनिटं, भटू, कुल्फी. काही राखलं नाही. मॅडमचा एक हात बाहीत तसाच राहिला.

“तिन्ही वेळा?”

“तिन्ही वेळा.”

“मी साखर वाढवत बसले,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता. मग तो चढला. “पंधरा महिने, हिलालभाऊ! पंधरा महिने मी स्वतःला मूर्ख म्हणत होते. पुण्याच्या मैत्रिणीला पत्रं लिहीत होते, माझं काय चुकतंय सांग म्हणून. आणि तुम्ही इथे माठापाशी त्यांचा पाहुणचार करत होतात!”

“हो.”

“हो काय हो? जा तुम्ही. बाहेर व्हा.”

तो बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. आतून कपाट आपटल्याचा आवाज आला, एक बशी फुटली. तोताराम सर वास लागल्यासारखे आलेच. त्यांनी सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “मी म्हणत नव्हतो? याच्यावर मेमो काढा. आजच्या आज. मी सही करतो.”

मॅडम दारात आल्या. डोळे लाल होते. “मेमो माझ्यावर काढा, सर. काय करायचं ते मी त्यांना सांगितलं. का करायचं ते सांगितलंच नाही. तिन्ही वेळा मी शेजारी नव्हते, आणि विचारलंसुद्धा नाही.”

“पण मॅडम, हे कुठे लिहू नका हं. कॉलेजची शोभा होईल. शिपाई, माठ, काय हे!”

“लिहिणार. माठासकट लिहिणार.” मग त्या हिलालकडे वळल्या. राग गेला नव्हता, पण आता त्या रागात काम शिरलं होतं. “माठातलं पाणी किती गार असतं? मोजलंय कधी? चला, मोजू. लिहायचंय मला.”

पाणी तेवीस अंश भरलं. मॅडमनी वहीत मेलेल्या तिन्ही खेपांसमोर लाल शाईने ते लिहिलं. मग दोन रिकाम्या रेघा सोडून त्या म्हणाल्या, “म्हणजे तिन्ही कुप्या काढायच्या. आजच. पण सत्तावीस बाटल्या पाहिजेत, आणि अगर नाही.”

“ते अगर म्हणजे समुद्राच्या शेवाळाचंच ना?” हिलाल म्हणाला. “चायना ग्रासही त्याचंच. हलवाई वापरतात. किराणा दुकानात मिळतं.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “आणि हे तुम्ही पंधरा महिने बोलला नाहीत?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

त्या हसल्या नाहीत, पण पर्समधून पैसे काढून दिले. दुपारपर्यंत बाटल्या तयार झाल्या, कुकरमध्ये शिजून निघाल्या, गार झाल्या. चार वाजता पाण्याचं भांडं ठेवलं. मे महिन्यात जळगावच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातूनच सत्तेचाळीस अंशांनी आलं. गार पाणी घालून ते चाळीसवर आणलं. मॅडमनी थर्मामीटर धरला.

“चिमटा तुमच्याकडे,” त्या म्हणाल्या.

“मी?”

“तुमच्याइतका स्थिर हात माझा नाही. पण आज मी शेजारी उभी आहे.”

हिलालने कंटेनरचं झाकण काढलं. धूर त्याच्या मनगटावरून फरशीवर सांडला. पहिली कुपी चौदा दिवसांची. चिमट्यात आली, आणि त्या एका क्षणाला त्याचा हात आपोआप माठाच्या दिशेला वळायला बघत होता. अठ्ठेचाळीस वर्षांची सवय होती ती, त्याच्याही आधीच्या कितीतरी बायांची. त्याने दात आवळले आणि कुपी पाण्यात बुडवली. हलवत राहिला. मॅडम आकडे मोजत होत्या. नव्वदला त्या ओरडल्याच, “काढा!” पांढरा गोळा केव्हाच नाहीसा झाला होता. दुसरी. तिसरी. मग एकेक कोंब एकेका बाटलीत, अंधाऱ्या कपाटात, प्रत्येकीवर चिठ्ठी.

एकतीस तारखेला हिलाल रिकामा कंटेनर धुळ्याला देऊन आला. आता मागे काही उरलं नव्हतं. जे होतं ते कपाटात.

पहिल्या आठवड्यात सगळे कोंब तपकिरी झाले. दुसऱ्यात त्यातले बरेच काळे झाले. हिलाल रोज सकाळी कपाट उघडायचा, बंद करायचा. घरी जेवण जाईना. तोताराम सर जाता-येता विचारायचे, “काय, कुल्फी जमली का?” तिसऱ्या आठवड्यात अठ्ठावीस दिवसांच्या नऊच्या नऊ गेल्या, स्पष्ट दिसलं. एकवीसच्या आठ गेल्या. मॅडमनी बाटल्या उजेडाच्या फळीवर आणल्या.

पाचव्या आठवड्यातल्या एका सकाळी चौदा दिवसांच्या एका बाटलीत हिलालला हिरवं दिसलं. काळ्या गोळ्याच्या एका बाजूला, खसखशीएवढं. बुरशी! बुरशीही हिरवीच असते. त्याने शेजारच्या बाटल्या बघितल्या. तिथेही. आणखी एका बाटलीतही. तो पळतच स्टाफरूममध्ये गेला, दारही न वाजवता.

“मॅडम, बुरशी आली. चार बाटल्यांना.”

मॅडम उठून आल्या. भिंग लावलं. एका बाटलीवर बराच वेळ, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. हिलाल त्यांच्या मानेकडे बघत उभा होता.

“हिलालभाऊ, बुरशीला देठ असतो का?”

“नाही.”

“मग हे बघा.”

त्याने भिंगातून बघितलं. हिरव्या ठिपक्याला टोक फुटलं होतं, आणि टोक गुंडाळलेलं होतं, केळीचा पोंगा असतो तसंच, फक्त तांदळाच्या कणीएवढं. चौदा दिवसांच्या कुपीतले नऊपैकी चार. एकवीसमधला एक हिरवट दिसत होता, पण तो पुढच्या आठवड्यात गेला. जी कुपी फेकून द्यायची होती, तीच जगली होती.

मॅडम खुर्चीत बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हिलालला काय करावं कळेना. शेवटी तो म्हणाला, “रडू नका, मॅडम. सर बघतील.”

“बघू देत की!” त्या हातांआडून म्हणाल्या, आणि त्या रडत नव्हत्या, हसत होत्या.

त्या रविवारी हिलाल चोपड्याकडे गेला आणि तानुबाईला घेऊन आला. ती साठी ओलांडलेली, गुडघे दुखतात, तरी जिना चढून प्रयोगशाळेत आली. मॅडमनी बाटली तिच्या हातात दिली. तिने ती उजेडाकडे धरली, डोळे बारीक केले.

“हाई पाळणी शे?”

“हीच, अक्का.” आणि मग हिलालने तिलाही सगळं सांगितलं. मारलेले कोंब, माठ, मायेची चूक. मॅडम मधे पडायला बघत होत्या. त्याने पडू दिलं नाही. तानुबाईने ऐकून घेतलं. तिने बाटली जपून टेबलावर ठेवली, आणि भावाच्या पाठीत असा धपाटा घातला की कपाटाच्या काचा वाजल्या.

“येडा! तान्ह्या पोरनी हगवणले बी वाट पाहतस का? पेज लगेच पाजनी पडस. तुले मी तशीच पाजी, म्हणीसन तू जगना!”

हिलाल पाठ चोळत राहिला. मॅडम तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

तानुबाईने पुन्हा बाटली उचलली. “चारच शेतस?”

“चार. पण आता पुन्हा गड्डे होतील, आजी,” मॅडम म्हणाल्या. “दिवाळीपर्यंत शंभर-दीडशे. त्यातली रोपं करून पुढच्या जूनमध्ये तुमच्या मळ्यात. विहिरीपासून लांब, नव्या मातीत.”

“बठ्ठी लावशी?”

मॅडमनी हिलालकडे बघितलं. सगळीच्या सगळी लावायची का, हा प्रश्न त्या दोघांतही निघाला होता, आणि हिलाल अडून बसला होता. एकदा त्या थंडीतून जिते परत आले. पुन्हा त्यांना तिथे ढकलायचं? तो मॅडमना म्हणाला होता, माझ्याच्याने होणार नाही.

तानुबाईच म्हणाली, “बठ्ठी लावू नको. मन्ही इहीर एक डाव आटनी, माती एक डाव बिघडनी. पुन्हा बिघडी. अर्धी मन्हा मळामा, अर्धी तुन्हा बर्फमा. आते कसं काढानं ते तुले कळनं ना?”

“कळनं,” हिलाल म्हणाला.

“मंग ठेव.”

मॅडमनी वही ओढली. नवीन पान काढून वर लिहिलं: साखर चौदा दिवस. त्याखाली: साखर दहा दिवस. तिसऱ्या ओळीत: साखर सात दिवस. “या वेळी तिन्ही एकदम करू,” त्या म्हणाल्या. “नऊपैकी चार म्हणजे काही फार नाही. सहा झाले पाहिजेत. उद्या भटूला विचारून या, कंटेनर परत कधी देतो.”

“तो शिव्या देईल.”

“खा दोन शिव्या.”

तानुबाई जिन्याकडे निघाली होती. पहिल्या पायरीवर थांबून तिने मागे वळून विचारलं, “कोनता जून सांगा?”

“पुढला, अक्का. अठ्ठ्याण्णवचा.”

तिने बोटांवर महिने मोजले, कठड्याला धरलं आणि उतरता उतरता म्हणाली, “चालस. तोपावत मी मरत नही.”